रेशीम तंतूंचा कागद: वाळल्यावर थर सुटतात, त्याची कारणं आणि उपाय

कागद वाळला, जाळी निघाली, हातात घेऊन जरा वाकवला आणि कडेपासून दोन पापुद्रे वेगळे झाले. घरी रेशीम तंतूंचा कागद करणाऱ्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. बरेच जण पुढच्या खेपेला मिडियम, म्हणजे तंतू चिकटवणारा द्रव, दुप्पट घालतात. मग कागद कडक होतो, चकाकी जाते, जाळी चिकटून बसते आणि एवढं करूनही मधला भाग सुटतोच. बहुतेक वेळा इथे मिडियम कमी पडलेलं नसतं. ते आत जाण्याआधी पाणी आत गेलेलं नसतं. भिजवण्याची पायरी नीट जमली तर निम्म्या मिडियममध्येही कागद घट्ट होतो, म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्या पायरीला दिली आहे.

हे तंतू एकमेकांना धरतात कसे

सुती चिंध्यांचा लगदा कुटून चाळणीवर घेतला की वाळताना तो आपोआप एकसंध होतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तसा कागद करते आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज. कुटल्यावर त्याच्या तंतूंना बारीक केसाळ फाटे फुटतात आणि पाणी उडून जाताना ते एकमेकांना थेट चिकटतात. लोकरीचा तंतू खवल्यांचा असतो, त्यामुळे साबणपाण्यात चोळला की तो गुंततो आणि नमदा तयार होतो. रेशमाकडे यातलं काहीच नाही. तुतीच्या रेशमाचा, कोषातला नैसर्गिक डिंक काढलेला तंतू गुळगुळीत असतो, जाडी साधारण १० ते १२ मायक्रॉन आणि छेद जवळजवळ त्रिकोणी. ती चमक या त्रिकोणी छेदामुळेच येते. त्याला खवले नाहीत, फाटेही नाहीत. कितीही चोळा, वाळल्यावर तंतू सुटेच राहणार.

म्हणजे या कागदाची सगळी ताकद दोन तंतू एकमेकांवरून जातात तिथे बसलेल्या चिकट द्रवाच्या थेंबात असते. तो थेंब प्रत्येक छेदनबिंदूपर्यंत जायला हवा. कोरड्या रेशमाच्या थरात मात्र तंतूंपेक्षा हवाच जास्त असते. वरून मिडियम लावलं की ते वरच्या तंतूंवर पसरतं, खालची हवा कोंडली जाते आणि मधला पदर कोराच राहतो. सुटतो तो हाच पदर.

आधी सुटलेल्या कागदाचं पोट उघडून बघा

पुढचा कागद करण्याआधी बिघडलेला कागद टाकू नका. त्याचा पापुद्रा सावकाश ओढून पूर्ण उघडा आणि खिडकीजवळ उजेडात धरा. आत काय दिसतं त्यावरून कारण कळतं.

आतले तंतू मऊ, चमकदार, पेळूतून (विंचरलेल्या तंतूंच्या लांब लडीतून) आत्ताच काढल्यासारखे मोकळे दिसत असतील तर तिथपर्यंत पाणी गेलंच नव्हतं. ही खूण सगळ्यात जास्त वेळा दिसते.

आतले तंतू किंचित कडक लागतात, बोटाला चिकट द्रवाचा खरखरीत स्पर्श जाणवतो, तरी थर सहज वेगळे होतात. अशा वेळी द्रव आत गेला होता पण फार पातळ होता; एक तर मिश्रणातच पाणी जास्त, नाहीतर भिजवल्यावर पाणी टिपून न घेता त्यावरच मिडियम ओतलेलं.

वरून पारदर्शक कातडी निघते आणि खाली रेशीम तसंच. मिडियम घट्ट होतं, वरच बसलं.

चौथी खूण जरा फसवी आहे. दोन्ही बाहेरचे पृष्ठभाग छान कडक आणि मधोमध मात्र द्रव अगदी कमी, आणि तरी भिजवणं व्यवस्थित झालेलं. इथे चूक वाळवण्यात असते. कागद उन्हात किंवा हेअर ड्रायरने झटपट वाळवला की पाणी पृष्ठभागावरून वेगाने उडतं, आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि येताना चिकट द्रवही सोबत घेऊन येतं. मधला थर उपाशी राहतो.

आणि कागद महिनाभर नीट होता, दमट हवेत मग सुटला, तर तो प्रश्न द्रवाच्या जातीचा. त्याबद्दल पावसाळ्याच्या भागात.

किती तंतू, कसे पसरायचे

ए-४ मापाच्या मध्यम जाडीच्या कागदाला ५ ते ६ ग्रॅम तंतू पुरतात. आरपार उजेड दिसावा असा पातळ हवा असेल तर अडीच-तीन ग्रॅम. वाटी, मुखवटा किंवा पाकीट करायला ८ ते १० ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा पाच ग्रॅमला बऱ्याचदा चुकतो, म्हणून पंचवीस ग्रॅमचा पेळू लांबीत मोजून पाच सारखे भाग करणं जास्त भरवशाचं.

पेळू, म्हणजे दुकानदार ज्याला टॉप्स म्हणतात तो, कापायचा नाही. दोन हात एकमेकांपासून निदान २० सेंटिमीटर दूर ठेवून टोकाचे तंतू हलकेच ओढायचे. हात जवळ असले तर एकाच तंतूची दोन्ही टोकं दोन मुठींत अडकतात आणि तो निघत नाही. नवीन माणूस मग जोर लावतो आणि जाड झुपका हातात येतो. झुपका टाकलेल्या जागी हमखास थर सुटतो. कारण तिथे जाडी तिप्पट असते.

टेबलावर जाड प्लॅस्टिक, त्यावर नायलॉनची जाळी (मच्छरदाणीची चालते, ओढणीचं नेट आणखी चांगलं), कागदाहून चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठी. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. प्रत्येक ओढीचं टोक आधीच्या ओढीवर एक तृतीयांश चढायला हवं, कौलं चढवतात तसं. सगळे थर एकाच दिशेला ठेवले तर कागद त्या दिशेने काडीसारखा फाटतो आणि पापुद्रेही सुटतात, कारण समांतर तंतूंमध्ये छेदनबिंदूच कमी मिळतात. तीन थरांच्या वर एका वेळी जाऊ नका. जाड कागद हवा असेल तर दोन पातळ कागद करून ओले असतानाच एकावर एक ठेवणं बरं.

भिजवण्याआधी जाळीसकट उचलून उजेडासमोर धरा. भोकं आणि गडद गाठी आत्ता दिसतील, आत्ताच दुरुस्त होतील. नंतर नाही. मग वर दुसरी जाळी टाका.

भिजवणं

एक लिटर कोमट पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा भांडी घासायचा द्रव साबण, म्हणजे अडीच मिलीच्या आसपास. जास्त नको, उरलेला साबण पुढे मिडियमला नीट धरू देत नाही आणि फेसाचे बुडबुडे वाळल्यावर बारीक खड्डे सोडतात. अंगाच्या साबणाची वडी किसून घालू नका. बोअरचं पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर तो साबण फुटतो, पांढरा चोथा तयार होतो आणि तोच तंतूंवर बसतो. रिठ्याचं पाणी उत्तम भिजवतं, पण पांढऱ्या रेशमाला तपकिरी झाक देतं. टसरवर, म्हणजे मधासारख्या रंगाच्या जंगली रेशमावर, ती खपून जाते.

साबणाचं काम इथे मळ काढण्याचं नाही. साधं पाणी कोरड्या रेशमावर टाकलं तर थेंब गोल होऊन वरच डोलत राहतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि ते तंतूंच्या मधल्या फटींत शिरतं.

पाणी फवाऱ्याने मारत बसू नका, त्याने वरचाच थर ओला होतो. वरच्या जाळीवर मधोमध अर्धी वाटी पाणी ओता आणि स्पंजने किंवा तळहाताने मधून कडांकडे दाबत जा. दाबायचं, घासायचं नाही. घासलं की जाळीखालचे तंतू वळून त्यांच्या सुरळ्या होतात आणि त्या परत उलगडत नाहीत. दाबताना हवेचे बुडबुडे जाळीच्या भोकांतून बाहेर पडताना दिसतील. ते यायचे थांबेपर्यंत दाबत राहा. बडीशेपेच्या दाण्याएवढा बुडबुडासुद्धा वाळल्यावर सुटा ठिपका होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. वरची बाजू पूर्ण ओली दिसते म्हणून समाधान मानू नका. दोन्ही जाळ्या एकत्र धरून सगळं उलटं करा. खालच्या बाजूला हमखास दोन-चार पांढुरके डाग दिसतील. ओलं रेशीम गडद आणि किंचित आरपार दिसतं, कोरडं रेशीम दुधी आणि अपारदर्शक. हे डाग म्हणजेच उद्याचे पापुद्रे. तिथे पाणी ओतून पुन्हा दाबा. पुन्हा उलटा, पुन्हा बघा. दोन्ही बाजूंना एकही दुधी डाग नाही असं झालं की पाच मिनिटं तसंच राहू द्या. मध्यम कागदाला या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि ती वाचवण्यासारखी नाहीत.

यानंतर जुना टॉवेल वर दाबून पाणी टिपून घ्या. उचलून एका कोपऱ्याने धरलं तर पाणी टपकायला नको, पण तंतू गडदच दिसायला हवेत. हे टिपणं टाळलं तर मिडियम आतल्या पाण्यात मिसळून निम्म्याहून पातळ होतं आणि वर सांगितलेली दुसरी खूण दिसते. फार टिपलं, दुधी डाग परत आले, तर थोडं पाणी पुन्हा द्या.

डाग काही केल्या जातच नाही, असं कधी कधी होतं. तिथे बहुधा तेल असतं. हाताला क्रीम किंवा खोबरेल लावून तंतू ओढलेले असतात. त्या जागी साबणाचा एक थेंब थेट टाकून बोटाने दाबा, मग साध्या पाण्याने धुऊन टिपा.

कोणतं मिडियम, किती

तीन पर्याय घरी सहज जमतात.

सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडर केकच्या सामानाच्या दुकानात मिळते. टायलोज नावाने विकतात ती बहुतेक हीच. ५ ग्रॅम पावडर ५०० मिली पाण्यात. एकदम ओतली तर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या कागदावर काचेच्या ठिपक्यांसारख्या चमकतात. पाणी रवीने घुसळत असताना चिमटीने भुरभुरवा आणि रात्रभर झाकून ठेवा. वेगवेगळ्या पावडरींची घट्टपणाची प्रत वेगळी असते, म्हणून सकाळी ब्रश बुडवून बघा: पातळ कढीसारखं ओघळलं पाहिजे. जड वाटलं तर पाणी घाला. मिथाइल सेल्युलोज मिळालं तर त्याची रीत उलटी आहे. ती पावडर गरम पाण्यात भिजवून पसरवायची, ती विरघळते पाणी गार झाल्यावर. सीएमसीचा कागद मऊ राहतो, चकाकी जपतो, चुकला तर परत भिजवता येतो. पाण्याला मात्र टिकत नाही.

कापडावर रंगकाम करायचं अॅक्रिलिक मिडियम एकास एक पाणी घालून वापरा. वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. पुस्तकांची वेष्टणं, पर्स, कंदील, वाटी यांना हेच.

पांढरा फेव्हिकॉल एकास दोन पाणी. स्वस्त, घट्ट धरतो, पण रेशमाची चमक सगळ्यात जास्त हाच मारतो आणि कागदाला प्लॅस्टिकचा आवाज येतो. लहान मुलांबरोबर शिकण्यापुरता ठीक. चांगलं रेशीम त्यात घालवू नये.

मैद्याच्या खळीची शिफारस आम्ही करत नाही. तिच्यामुळे कागद वाळल्यावर पिठूळ दिसतो, आणि कसर, झुरळं नि बुरशी तिन्हींना ती आवडते. बाइंडिंगवाले खळ टिकावी म्हणून मोरचूद घालतात. तो रेशमावर नको. निळसर-हिरवी छटा येते आणि तो विषारीही आहे.

५-६ ग्रॅम तंतूंच्या कागदाला तयार द्रव एकूण ५० ते ६० मिली पुरतो. निम्मा एका बाजूला जाळीवरून स्पंजने दाबून, मग उलटून उरलेला दुसऱ्या बाजूला. एकाच बाजूने सगळं लावलं तर वाळताना कागद त्या बाजूला वळतो आणि दुसऱ्या बाजूचे तंतू उचकटतात. शेवटी कोरड्या स्पंजने जाळीच्या भोकांत साचलेला द्रव काढून घ्या. भोकाभोकांत चमकणारा पडदा दिसत असेल तर द्रव जास्त आहे.

वाळवणं

दोन्ही जाळ्यांसकट दोरीवर चिमट्यांनी टांगा, सावलीत, हलत्या हवेत. खालच्या कडेला थेंब जमतात ते अर्ध्या तासाने टिपा, नाहीतर तेवढी कड काचेसारखी होते. प्लॅस्टिकवर आडवा ठेवून वाळवला तर खालची बाजू गुळगुळीत, चमकदार होते. कुणाला ती आवडते. पण वेळ दुप्पट लागतो आणि जाळी घट्ट चिकटते. उन्हात ठेवू नका, त्याचं कारण वर आलं आहे. शिवाय रेशीम उन्हाने पिवळं पडतं.

जाळी कागद पूर्ण वाळल्यावरच काढायची. वर खेचायची नाही. एका कोपऱ्यातून सुरू करून तिला तिच्याच पाठीवर दुमडत, टेबलाला समांतर ओढत न्या आणि दुसऱ्या हाताने कागद दाबून धरा. नव्वद अंशात खेचली की भोकांत अडकलेले तंतू वरचा थर उचलतात. मिडियम चांगलं असूनही थर सुटण्याचं एक कारण हे खेचणं असतं. चिकटलीच तर सीएमसीच्या कागदावर हलका फवारा मारा, दोन मिनिटं थांबा. अॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं, म्हणून बटर पेपर ठेवून कोमट इस्त्री फिरवा आणि ऊब असतानाच जाळी ओढा.

मग दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून रेशमाच्या खुणेवरची इस्त्री, वाफ बंद. बटर पेपर बेकिंगचा हवा. मेणाचा कागद घेतलात तर मेण वितळून रेशमात शिरतं आणि तो तेलकट डाग निघत नाही.

सुटलेला कागद वाचवायचा तर

सीएमसीचा असेल तर सोपं आहे. दोन जाळ्यांमध्ये ठेवा, साबणपाण्याने पुन्हा पूर्ण भिजवा, दुधी डाग जाईपर्यंत दाबा, टिपा, नवा द्रव निम्म्या मापाने लावा, टांगा.

अॅक्रिलिक किंवा फेव्हिकॉलचा असेल तर बाहेरचा पडदा पाणी सहज आत जाऊ देत नाही, नुसतं भिजवून उपयोग नाही. पापुद्रा जिथपर्यंत सहज उघडतो तिथपर्यंत उघडा, आतल्या दोन्ही बाजूंना मऊ ब्रशने साबणपाणी, मग पातळ मिडियम लावा, मिटवा, जाळीवरून दाबा, सावलीत वाळवा. अर्ध्याहून जास्त कागद उघडत असेल तर पूर्णच वेगळा करून दोन पातळ कागद मिळवा; प्रत्येकाची कोरी बाजू स्वतंत्र मिडियमने बसवली की दोन्ही वापरण्याजोगे होतात, शुभेच्छापत्रांवर तर छानच दिसतात.

कोषांपासून थेट केलेला कागद चिकटत नाही

ही वेगळी पद्धत आहे आणि गोंधळ इथे फार होतो. रेशीमकिड्याच्या कोषात वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के सेरिसिन असतं, म्हणजे किड्याने स्वतः लावलेला डिंक. तो गरम पाण्याने मऊ होतो, वाळला की पुन्हा चिकटतो. त्यामुळे कोषांवरचं बाहेरचं विस्कटलेलं जाळं, किंवा कापून सोललेले कोषांचे पदर, ओले करून इस्त्रीखाली दाबले तर बाहेरून काहीही न लावता कागद होतो. पण दुकानातल्या पेळूचा हा डिंक आधीच काढलेला असतो. त्यावर कितीही गरम पाणी मारा, इस्त्री करा, ते चिकटणार नाही.

परीक्षा करायला चिमूटभर तंतू गरम पाण्यात बुडवा, बटर पेपरमध्ये घालून मध्यम इस्त्री पंधरा सेकंद दाबून धरा. गार झाल्यावर चकती कडक राहिली तर डिंक आहे. फुलून मोकळी झाली तर नाही, मिडियम वापरा.

जालना-बीडकडे तुती रेशीम करणाऱ्या शेतकऱ्यांकडे डागी, पोचट किंवा जोडकोष स्वस्तात मिळू शकतात. बारीक, एकसारखं सूत काढायला ते चालत नाहीत, आपल्याला उत्तम. घरी आणल्यावर आधी कोष कापून आतला किडा आणि त्याची कात काढून टाका. हे राहिलं तर किड्याचं तेल तंतूंत उतरतं, पिवळे डाग पडतात, आणि दमट दिवसात येणारा वास कशानेही जात नाही. मग कोष साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, सुईने पदर सोलून तीन दिशांनी रचा, बटर पेपरखाली दाबा. उकळत्या पाण्यात फार वेळ ठेवले तर डिंक पाण्यात उतरून जातो आणि कागद सुटतो. इथे जास्त भिजवणं हा दोष आहे, पेळूच्या नेमकं उलट.

भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवरच्या टसर कोषांना ही रीत लागू पडत नाही. त्यांचा डिंक फार घट्ट, त्यात टॅनिन, वर कॅल्शियम ऑक्झलेटचे कण. साध्या गरम पाण्याला ते दाद देत नाहीत. टसर आधी धुऊन मऊ करून मिडियमनेच कागद करावा. त्याचा मधासारखा रंग कागदात फार देखणा उतरतो, तेव्हा ही मेहनत करावी.

तुतीच्या कोषांचा डिंक घरी काढायचा असेल तर १० ग्रॅम कोषांना एक लिटर पाणी, २ ग्रॅम धुण्याचा सोडा, अर्धा तास मंद उकळी, मग दोनदा गरम पाण्याने खळबळून धुणं. टसरला सोडा दीड-दोन पट आणि वेळ तासभर. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमला सोडा खातो. वेळ वाढवत नेली की तंतू स्वतःच कमजोर होतो. आणि पांढरं करायला धुण्याचा क्लोरीन ब्लीच कधीच नको, त्यात रेशीम अक्षरशः विरघळतं.

रंग फुटणं आणि सजावट

लाल, मोरपिशी, जांभळा हे रंग साबणपाण्यात फुटतात. रचण्याआधी एक झुपका ओल्या पांढऱ्या टिश्यूत पाच मिनिटं दाबून बघा. डाग आला तर ते तंतू गार पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून डाग थांबेपर्यंत धुवा. तरी फुटत असेल तर रंग पक्का झालेलाच नाही. आम्लरंग (अॅसिड डाय) असेल तर त्याला व्हिनेगरच्या पाण्यात ८५-९० अंशांवर अर्धा तास ठेवावं लागतं.

येवल्याच्या विणकरांकडचे पैठणीच्या धाग्यांचे तुकडे कागदात फार सुंदर दिसतात. फक्त धागा पिळाचा असतो, तो तंतूंमध्ये स्वतःहून मुरत नाही. वरून नुसता ठेवला तर वाळल्यावर अलगद निघून येतो. त्यावर तंतूंचा अगदी झिरझिरीत पदर टाका, खालचा रंग पूर्ण दिसेल एवढाच. फुलांच्या पाकळ्यांचंही तेच, आणि त्या दाबून पूर्ण वाळवलेल्या हव्यात. ताज्या पाकळीचं पाणी उतरून भोवती तपकिरी कडं धरतं. पॉलिएस्टरची जरतार असेल तर इस्त्रीखाली आक्रसते आणि कागदाला सुरकुती पडते. आधी एका तुकड्यावर इस्त्री टेकवून बघा.

पावसाळा

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर सीएमसीचा कागद चार-चार दिवस वाळत नाही, वाळलेला कागद पुन्हा लिबलिबीत होतो आणि थर परत सुटतात. ही पाचवी खूण. या दिवसांत अॅक्रिलिक मिडियम वापरा. सीएमसीच वापरायचं असेल तर कागद पातळ करा, पंख्याखाली टांगा, आणि चोवीस तासांत हाताला कोरडा लागला नाही तर कोमट इस्त्री बटर पेपरमधून थोडी थोडी फिरवून ओल काढा, एकदम नाही. ओलसर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला की आठवड्यात काळे ठिपके येतात. एकदा आलेली बुरशी पुसून निघत नाही. तेवढा भाग कापून टाकावा आणि त्या जाळ्या गरम साबणपाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात, नाहीतर पुढच्या कागदालाही तीच लागण होते. तयार कागद साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवा. कसरीसाठी महिन्या-दीड महिन्याने उघडून झटकत जा.

आकाशकंदिलासाठी

दिवाळीत हा कागद कंदिलाला वापरायचा असेल तर तीन ग्रॅमचा पातळ कागद, अॅक्रिलिक मिडियम, आणि आत फक्त एलईडीचा दिवा. साध्या पिवळ्या बल्बची उष्णता रेशीम तपकिरी करते. बाहेर गॅलरीत दव पडतं, म्हणून जोड फेव्हिकॉलने न चिकटवता त्याच अॅक्रिलिक मिडियमने, पाणी न घालता, एक सेंटिमीटर कड एकमेकींवर चढवून जोडा. सांगाड्यावर ताणून बसवू नका. रात्री दमट हवेत कागद किंचित सैल पडतो, दुपारी आवळतो. ताणलेला असेल तर पहिली चीर काडीच्या टोकाशी जाते. दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवा आणि काडीची टोकं कागदात टोचणार नाहीत अशी आधी घासून घ्या.